तिसरा ठोका

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगून टाकते, कारण शेवटी सगळे हेच विचारतात.

आणि हो, यात रात्र नाही. अमावस्या नाही, दिवे गेले नाहीत, लांब कुठे कुत्रं रडलं नाही. जे झालं ते रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी झालं. लख्ख उजेडात. पांढऱ्या भिंती, पांढऱ्या फरश्या, लपायला माशीलाही जागा नाही अशा खोलीत.

झालं ते माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत. आईची धाकटी बहीण. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. लहानपणी आई अंधाराला घाबरायची आणि ही अंधारात लपून तिला घाबरवायची, म्हणजे बघा.

मावशी गोळ्यांच्या कारखान्यात आहे. बंदुकीच्या नव्हे, तापाच्या. लहान मुलांना देतात त्या, गुलाबी, चघळायच्या.

आता गोळी काही आभाळातून पडत नाही. आधी औषधाची पावडर ओली करतात, वाळवतात, चाळतात. मग तिचे वाळूसारखे दाणे होतात. ते दाणे एका भल्यामोठ्या स्टीलच्या नरसाळ्यात ओततात. तिथे सगळे त्याला हॉपर म्हणतात. दोन माणसं आत सहज मावतील एवढा. त्याच्या तळातून दाणे नळीत उतरतात, नळीतून यंत्रात, आणि यंत्र त्यांच्या गोळ्या दाबतं.

सगळी गोम त्या उतरण्यात आहे.

दाणे पाण्यासारखे वाहतात, पण पाण्याइतके शहाणे नसतात. जरा ओल राहिली की गुठळ्या. हॉपर अर्धा रिकामा झाला की आतल्या आत एकमेकांचे हात धरून कमान करतात आणि अडून बसतात. वर ढीग, खाली पोकळी. मग एका गोळीत औषध जास्त, दुसरीत कमी.

आणि गोळी खाणार कोण? चार वर्षांचं तापलेलं पोर.

म्हणून उतरणाऱ्या दाण्यांवर कुणीतरी सतत लक्ष ठेवायचं असतं. एकवीस वर्षं ते काम ठोकेकाकांनी केलं. खरं नाव काय होतं कुणास ठाऊक, सगळे ठोकेकाकाच म्हणायचे. दिवसाला एकच बॅच. दोनला सुरू, पाचला संपली. काका हॉपरला लागून असलेल्या लोखंडी माचावर उभे राहायचे. तळहात स्टीलवर, डोळे मिटलेले. तीन वाजून दहा मिनिटांनी हॉपर अर्ध्यावर यायचा. मग ते रबरी हातोडी उचलायचे आणि ठोकायचे. मान तिरकी करून थांबायचे. मग म्हणायचे, "चालू दे."

बास. एवढंच काम. पण एकवीस वर्षांत एक बॅच वाया गेली नव्हती.

मग मावशी आली. सेन्सर घेऊन.

नाण्याएवढा असतो तो. नळीला चिकटवला की वाहत्या दाण्यांचा आवाज ऐकतो आणि पडद्यावर रेघ काढतो. रेघ हिरव्या पट्ट्यात, तर दाणे छान. लाल पट्ट्यात गेली, तर गडबड. पण छान म्हणजे काय, हे आधी त्याला शिकवावं लागतं. म्हणून मावशीने चाळीस दिवस, चाळीस चांगल्या बॅचेस त्याला ऐकवल्या. ती काचेपलीकडच्या केबिनमध्ये पडद्यासमोर. काका माचावर, हातोडी घेऊन.

एक्केचाळिसाव्या दिवशी काकांना सांगण्यात आलं, आता विश्रांती घ्या.

काका रागावले नाहीत. मावशीला तेच जास्त लागलं. त्यांनी हातोडी तिच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "मी दोन ठोकतो, बाळ. तिसरा ऐकायचा असतो. यंत्राला कान दिलेस, चांगलं केलंस. पण उत्तर कोण देणार?"

म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी बोलणं, असं म्हणून मावशीने हातोडी आपल्या लॉकरमध्ये ठेवली. कुलूप लावलं. किल्ली गळ्यात.

हे कुलूप लक्षात ठेवा.

साहेबांनी मावशीला सहा महिने दिले होते. सेन्सर पास, तर मावशी नोकरीत कायम. नापास, तर सेन्सर आणि मावशी, दोघांनी एकाच दारातून बाहेर.

आणि पहिल्याच दिवशी, तीन वाजून अकरा मिनिटांनी…

रेघ लाल.

मावशी धावली. दाणे तपासले. कोरडे, सुटे, एकदम सोन्यासारखे. मशीन चालवणारा हसायला लागला. त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो बंद होत नाही. "ताई, तुमच्या यंत्राला काकांची आठवण येतेय! रडतंय बघा!"

दुसऱ्या दिवशी, तीन अकरा. लाल.

तिसऱ्या दिवशी. लाल.

दीड महिना हेच. दाणे उत्तम, रेघ लाल. साहेब म्हणाले, "मॅडम, हे यंत्र आहे का रुसलेली नवरी? पंधरा दिवस देतो. नंतर मला बोलू नका."

मावशीची झोप उडाली. तिने वायरी बदलल्या, सेन्सर बदलला, नळीसुद्धा बदलली. काही उपयोग नाही.

मग एका सोमवारी…

तीन अकरा. हिरवी.

मावशीने डोळे चोळले. हिरवीगार. पाचपर्यंत हिरवी. मंगळवारी हिरवी. बुधवारी हिरवी. साहेबांनी स्वतः येऊन चहा पाजला.

पण मावशी माझी मावशी आहे. फुकट मिळालेल्या गोष्टीवर तिचा विश्वास बसत नाही. आपण काहीच केलं नाही, मग हे सुधारलं कसं?

गुरुवारी तिने हेडफोन लावला. सेन्सर जे ऐकतो ते कानाने ऐकता येतं. दाण्यांचा आवाज म्हणजे लांबच्या पावसासारखा. सर्रर्र… सर्रर्र… एकसारखा.

तीन वाजून दहा.

टक. टक.

…

टक.

मावशीने झटकन मान वर केली. काचेपलीकडे हॉपर. माच रिकामा.

रेडिओ खाली, मशीनपाशी. दोन्ही हात तिला दिसत होते. एका हाताने गोळ्या तपासत होता, दुसऱ्याने नाक खाजवत होता.

तिने जुन्या चाळीस बॅचेसचं ध्वनिमुद्रण काढलं. एकेक लावलं. प्रत्येकात, तीन दहाला, तेच. टक टक… टक.

आणि तिच्या डोक्यात ट्यूब पेटली. अरे देवा!

चूक तिचीच होती. चाळीसच्या चाळीस बॅचेसमध्ये काका ठोकत होते. यंत्र बिचारं एवढंच शिकलं, की ठोके ऐकू आले म्हणजे माल चांगला. काका गेले, ठोके गेले, म्हणून ते लाल होत होतं. दाण्यांशी त्याचा संबंधच नव्हता.

म्हणजे आता कुणीतरी परत ठोकत होतं.

पण कोण? आणि का? यंत्राला ठोके लागतात हे आत्ता या क्षणापर्यंत तिलाही माहीत नव्हतं, मग दुसऱ्याला कसं कळलं?

तिचा संशय अर्थातच रेडिओवर. "काय रे, हातोडी कुठून आणलीस?"

"कुठली हातोडी?"

"भोळा बनू नकोस. तीन दहाला कोण ठोकतं?"

रेडिओ एकदम गप्प झाला. शपथेवर सांगते, मावशी म्हणते तिने त्याला पहिल्यांदा गप्प बघितलं. मग तो हळूच म्हणाला, "ताई, रेघ हिरवी आहे ना? मग कशाला खणताय?"

झालं! संशय दुप्पट.

लॉकर उघडला. हातोडी जागेवर. कुलूप शाबूत.

शुक्रवारी दोन वाजता मावशीने माच ओल्या फडक्याने लख्ख पुसला. त्या खोलीत बारीक पांढरी पावडर सारखी उडत असते, तासाभरात सगळीकडे साय धरल्यासारखी बसते. कुणी माचावर चढलं तर पावलं उमटणारच. मग ती जाऊन केबिनमध्ये बसली.

तीन दहा. टक टक… टक.

ती धावत गेली. माचावर पांढरी साय. एकसारखी. अख्खी.

एक पाऊल नाही.

कॅमेऱ्यातही काही नाही. तिने तीनदा बघितलं. रेडिओ, मशीन, हॉपर. बाकी शून्य.

आता इथे मावशीने जे केलं ते ती अजून मान खाली घालून सांगते. तिने कुणालाही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर यंत्र चुकीचं शिकलंय हे बाहेर आलं असतं, आणि नोकरी गेली असती. रेघ हिरवी होती. मुदत भरायला दीड महिनाच उरला होता. तिने हेडफोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर बंद केला.

पण रोज तीन दहाला तिचे खांदे आपोआप आखडायचे. आईला ती फोनवर म्हणायची, "कुणीतरी माझी मजा बघतंय गं ताई. सापडू दे, सोडणार नाही."

मग तो रविवार आला.

मागणी वाढली होती म्हणून सुट्टीच्या दिवशी बॅच लावलेली. सोमवारी मावशीचं पत्र निघणार होतं. साहेब स्वतः केबिनमध्ये येऊन बसले होते, शेवटची बॅच बघायला. कारखाना जवळजवळ रिकामा. वर पंखे बंद. खाली फक्त रेडिओचं मशीन, खडखड खडखड.

तीन वाजून आठ. रेघ हिरवी.

तीन वाजून नऊ. हिरवी.

मावशीला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने ड्रॉवर उघडला. हेडफोन लावला.

सर्रर्र… सर्रर्र…

तीन दहा.

पहिले दोन ठोके आले नाहीत.

मावशी थांबली. एक सेकंद. दोन. पाच…

टक.

एकच. तो तिसरा. पण आज पहिल्यांदाच तो एकटा आला, म्हणून तिने नीट ऐकला. त्याचा आवाज वेगळा होता. हातोडीचा ठोका बाहेरून पडतो, त्याला स्टीलची खणखण असते. याला खणखण नव्हती. हा भरलेला होता. दबलेला. दाण्यांच्या खालून आल्यासारखा.

टक.

टक. टक. टक.

टक टक टक टक टक टक टक…

मावशीने हेडफोन कानावर दाबला. पडद्यावर रेघ मात्र मजेत हिरवी. जितके ठोके, तितकी हिरवी! यंत्राला तेच तर शिकवलं होतं.

"वा, मॅडम!" साहेब खूश. "अशी सरळ रेघ मी जन्मात बघितली नाही!"

मावशी उठली. साहेब मागून काहीतरी विचारत होते. ती काचेचं दार ढकलून आत गेली, माचावर चढली. खोलीत मशीनचा खडखडाट सोडून काहीच ऐकू येत नव्हतं. तिने ठोकेकाकांसारखा तळहात स्टीलवर ठेवला.

गार.

आणि मग… बरोब्बर तिच्या तळहाताखाली…

आतून.

कुणीतरी दारावर मूठ आपटावी तसं.

मावशीने लाल बटण दाबलं.

सगळं थांबलं. मशीन थांबलं, दाणे थांबले. ठोके थांबले. साहेब ओरडत आले, "वेड लागलंय का? रेघ हिरवी आहे! बॅच कुणी थांबवायला सांगितली?"

"हॉपर उघडा," मावशी म्हणाली. "आत कुणीतरी आहे."

रेडिओने झाकण उघडलं. तिघांनी वाकून बघितलं.

आत कुणी नव्हतं.

फक्त दाणे. आणि दाण्यांवर, वर लावलेल्या चाळणीचा फाटका तुकडा. जाळी तुटून तिच्या तारा झडल्या होत्या. केसाएवढ्या बारीक, बोटाच्या पेराएवढ्या लांब. शेकडो. पुढे धातू पकडणारं यंत्र असतं, पण एवढी बारीक तार त्यातून निसटू शकते.

आणि मग ती गुलाबी गोळी. चघळायची.

साहेब मटकन खाली बसले. म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं? रेघ तर हिरवी होती."

तेव्हा मावशीने सगळं सांगितलं. यंत्र चुकीचं शिकल्याचं, तिने लपवल्याचं. फक्त तळहाताचं सांगितलं नाही. पत्र निघालं नाही. पण हाकललंही नाही. "तीन महिने," साहेब म्हणाले. "परत शिकवा त्याला. पहिल्यापासून."

संध्याकाळी मावशीने रेडिओला गाठलं. "काकांचं घर सांग."

"कशाला?"

"सांग म्हणते ना."

काकांच्या घरी सूनबाईने दार उघडलं. काका आतल्या खोलीत, लोखंडी पलंगावर. अर्धांगाचा झटका. डावी बाजू गेलेली, वाचाही.

"कधी झालं?"

"दीड महिना होईल. रविवारी रात्री झटका आला, सोमवारपासून असेच पडून आहेत."

सोमवार. ज्या सोमवारी रेघ हिरवी झाली, तोच.

सूनबाई सांगत होती, "आणि ताई, एक विचित्रच. रोज दुपारी, तीनच्या जरा पुढे, पलंगाच्या कडेवर उजव्या हाताने ठोकतात. आधी वाटलं पाणी हवंय. पण पाणी दिलं की मान फिरवतात. ठोकतात आणि कान देऊन बसतात. मग झोपतात."

"आज?"

सूनबाई गोंधळली. "आज नाही ठोकलं. आज हात उचलला आणि तसाच राहिला. काहीतरी ऐकत असल्यासारखे. मग रडायलाच लागले. उशीत कान दाबून. पाचदहा मिनिटं. मग एकदम शांत झाले. कितीतरी दिवसांनी हसले."

मावशी पलंगाशी बसली. काकांचा उजवा हात हातात घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काका, तुम्हीच ठोकत होता ना? तुम्हीच मला सांगितलंत ना आज?"

काकांनी मान हलवली.

नाही.

मग त्यांनी हात सोडवून घेतला. दोन बोटं वर केली. आपल्या छातीवर ठेवली.

मी, दोन.

आणि तिसरं बोट उचललं… ते छातीवर ठेवलं नाही. ते लांब, भिंतीकडे, कारखाना आहे त्या दिशेला धरलं.

मावशीने घरी येऊन परत ते जुनं ध्वनिमुद्रण लावलं. चाळीसच्या चाळीस. या वेळी मोजत ऐकलं. पहिले दोन बाहेरून, खणखणीत. तिसरा आतून. दबलेला. पहिल्या दिवसापासून.

काका एकवीस वर्षं ठोकत नव्हते. विचारत होते.

कुणाला? ते मावशीला आजही कळलेलं नाही. एवढंच कळलं की तो हॉपर नवा नव्हता, दुसऱ्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेला. आतल्या भिंतीवर माणूस जाईल एवढा झरोका पत्रा लावून कायमचा बंद केलाय. वेल्डिंग जुनं आहे. रेडिओला विचारलं तर म्हणाला, "ताई, मी दाबायचं काम करतो, दाबलेलं उकरायचं नाही." त्याला काहीतरी माहीत आहे. मावशीची खात्री आहे. तो मात्र तिच्याशी नजर मिळवत नाही.

तीन आठवड्यांनी काका गेले. झोपेतच.

त्या दिवशी तीन दहाला काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जुन्या ध्वनिमुद्रणातले ठोके कापून मावशीने यंत्राला नव्याने शिकवलं होतं, रेघ खरी हिरवी होती. मावशीला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी…

टक.

थोडं थांबून… टक. जरा जोरात. वाट बघून कंटाळलेल्या माणसासारखं.

मावशीने लॉकर उघडला, माचावर चढली आणि रबरी हातोडीने दोनदा ठोकलं. उत्तर आलं. हळू, एकच. मग सगळं शांत.

तेव्हापासून ती रोज ठोकते. नोकरीत कायम झाली तरी ठोकते. साहेब म्हणतात, "मॅडम, तुम्हीपण?" ती म्हणते, सवय आहे. काकांना कामावरून काढणारं यंत्र जिने आणलं, तिच्याच हातात आता काकांची हातोडी आहे. रेडिओ हसत नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

मागच्या रविवारी कारखाना बंद होता. मावशी आमच्याकडे आली होती. मस्त गप्पा चालल्या होत्या, आई चहा टाकत होती. मावशी ओट्यापाशी उभी राहून नव्या पिशवीतली साखर बरणीत ओतत होती.

साखर सर्रकन पडत होती. आणि मध्येच… थांबली.

पिशवी उलटीच होती. अर्धी भरलेली. पण एक दाणा खाली येईना.

मावशीने घड्याळाकडे बघितलं. मीही बघितलं. तीन दहा.

आई म्हणाली, "अगं, झटक ना जरा पिशवी."

मावशी झटकत नव्हती. ती बरणीकडे बघत होती.

बरणीच्या आतून, साखरेच्या खालून…

टक.

आईने गॅस बंद केला. "काय वाजलं गं?"

मावशीने पिशवी हळूच खाली ठेवली, मूठ वळली, आणि ओट्यावर दोनदा ठोकलं.

आम्ही तिघी कान देऊन उभ्या राहिलो.

उत्तर आलं नाही.

ती साखर आम्ही कुणीही खाल्लेली नाही. मावशीने चाळून बघितली, दोनदा. हॉपरमध्ये निदान तारा तरी निघाल्या होत्या, हिच्यात काहीही सापडलं नाही.

आणि मावशी म्हणते, तिला भीती त्याचीच वाटते.